रंग खरवडू नको की!

आमच्या वर्गात सध्या गाड्या रंगवण्याची साथ आली आहे. कुणाच्या टाकीवर ज्वाळा, कुणाच्या कवटी, कुणाच्या वाघ. हौस करायला माझी ना नाही. मीसुद्धा बाबांची जुनी काळी बाईक नुकतीच रंगवून घेतली. माझा विरोध आहे तो चित्र काढण्याआधी मूळ रंग पत्र्यापर्यंत खरवडण्याला. "नवीन करायचं तर मुळापासून" म्हणत एका मित्राने तसं केलं आणि पहिल्याच पावसाळ्यात टाकीच्या कडेला गंजाचे फुगे आले. बेळगावचा पाऊस कुणाची गय करतो होय?

कंपनीत पत्र्यावर आधी रासायनिक प्रक्रिया होते, मग प्रायमर, रंग आणि वरचा चकचकीत क्लिअर चढतो, आणि हे थर भट्टीत भाजून पक्के करतात. सगळी जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्याशा थरावर गाडीचा पत्रा वर्षानुवर्षं तगतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये ती भट्टी कुठून आणणार?

मी ज्यांच्याकडे गेलो ते पेंटरमामा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. घरी कन्नड बोलतात, पण त्यांची देवनागरी बघत राहावी अशी. टाकीवरून हात फिरवून म्हणाले, "खरवडू नको की. हाच तुझा प्रायमर." जिथे रंग पोपडे धरून उठलाय किंवा गंज लागलाय तेवढंच साफ करायचं, लांबी भरायची, त्यावर प्रायमर मारायचा. बाकी टाकी साबणाने धुवायची आणि पॉलिशचा तेलकटपणा पुसून काढायचा, नाहीतर नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो. मग 800 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलका फिरवायचा. चकाकी मेली की थांबायचं, कारण नवा रंग धरायला तेवढी खरखर पुरते. टेप लावून चित्र काढायचं आणि वरून हार्डनर घातलेला क्लिअर मारायचा.

याचा आणखी एक फायदा आहे. गाडीचा मुख्य रंगच बदलला तर आरसीवरची नोंद बदलावी लागते. माझी काळी गाडी काळीच राहिली.

चित्र मी भाताच्या लोंबीचं निवडलं, आजीच्या शेतातल्या. खाली दोन शब्द, "चाललंय की". इथे घरी वाद झाला. आई म्हणाली, "चित्र काढ, पण अक्षरं कशाला? कुणी ओरखडा मारला म्हणजे?" तिची भीती खोटी नाही. आपल्याकडे पाटी कुठल्या लिपीत आहे हे आधी बघतात, काय लिहिलंय ते नंतर. पण ही घोषणा थोडीच आहे? रोज कँटीनमध्ये आपण जे बोलतो तेच आहे. पुण्याची भावंडं आपल्या या "की"ला हसतात, आणि आपणही सभेत बोलताना तो गिळतो. मग त्याला निदान टाकीवर तरी जागा नको?

मामांनी अक्षरं हातानेच काढली, स्टेन्सिल न लावता. "की"ची वेलांटी लोंबीत नेऊन मिळवली. पैसे घेताना म्हणाले, "आठवडाभर टाकीवर पेट्रोल सांडू नको. आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये पण लिहून देतो, ये. त्याचे पैसे नकोत."

रविवारी जाणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.