भिंतीवर मोर नको, पाण्याची रेघ काढा



पाऊस संपला की तुडीलमध्ये रस्त्याकडेची एक लांबलचक भिंत रंगवायची टूम निघाली आहे आणि त्याची वर्गणी आपल्या महिला मंडळाकडे मागितली आहे. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मी काहीच टाकलं नाही म्हणून दोघी-तिघींचे फोन आले, "काकी, तुमचं काय म्हणणं?" फोनवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते. माझा विरोध आहे. भिंत रंगवायला नाही, ज्या रीतीने ती रंगवायची ठरते आहे त्या रीतीला.

रीत अशी. बाहेरून पेंटर येणार. त्याच्या मोबाईलमध्ये चित्रं तयार आहेत, त्यातली आपण बोट लावून निवडायची. रायगड, मोर, दोन हातांत धरलेली पृथ्वी, झाडं लावा, मुलगी वाचवा, आणि उरलेल्या जागेत वारली नाच. खाली सौजन्य म्हणून आपल्या मंडळाचं नाव, चांगलं दोन फुटी अक्षरात. हायवेने माणगावकडे जा नाहीतर चिपळूणकडे, हाच मोर आणि हीच पृथ्वी भेटते. गावाचं नाव झाकलं तर कुठली भिंत कुठल्या गावची ते तिथल्या माणसालाही सांगता येणार नाही. आणि याला आपण म्हणणार, "गावाने रंगवलेली भिंत".

हे खूळ नवीन नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा भिंतींवर घोषणा आल्या. पुढे शहरांसाठी स्वच्छ सर्वेक्षण आलं, २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान आलं, आणि घोषणांच्या जोडीला चित्रं आली. अभियानांशी माझं भांडण नाही, गाडगेबाबांच्या नावाने तर गावोगाव बायकांनीही हातात झाडू घेतला. पण झाडू मारणं कष्टाचं आणि रोजचं, भिंत रंगवणं एकदाचं आणि फोटोचं. म्हणून झाडू मागे पडला आणि ब्रश पुढे आला.

तुमच्यातली एक म्हणाली, चित्र असलं की कोणी थुंकत नाही, आडोशाला उभं राहत नाही. थोडं खरं आहे. पण याच युक्तिवादाने जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा आल्या ना? गणपती, साईबाबा, क्रूस, आणि त्याच ओळीत आपले महावीरस्वामी! थुंकणाऱ्याला भीती वाटावी म्हणून प्रभूंना उकिरड्याशी पहाऱ्याला बसवायचं. देरासरात पाय धुऊन, शुद्ध कपड्यांत जातो आपण, आणि ही आशातना मात्र आपल्या डोळ्यांना टोचत नाही. २५५०व्या निर्वाण वर्षात कितीतरी ठिकाणी आपलं हाताचं प्रतीक रस्त्याकडेच्या भिंतींवर हौसेने रंगवलं गेलं. आता पावसाळ्यात त्याच्यावर गाड्यांच्या चाकांचा चिखल उडतो. असल्या प्रभावनेने कोणाच्या मनात अहिंसा उतरते मला माहीत नाही.

आता त्या वारली नाचाबद्दल. गावाने भिंत रंगवणं म्हणजे काय याचं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात खरं उदाहरण तेच आहे, आणि त्याचीच आपण नक्कल करून माती केली. पालघर-डहाणूकडे वारली घरात लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढायचा, आणि तो काढायचा सवासिनींनी. मधे पालघट देवी. चौक नाही तर लग्न नाही. म्हणजे ते चित्र शोभा नव्हतं, काम होतं, आणि ते बायकांच्या हातात होतं. १९७०च्या सुमारास कागद आणि बाजार आला, पुरुषही चितारू लागले, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याचा आनंदच आहे. पण आज तीच आकृती साच्यातून सार्वजनिक संडासाच्या दारावर "स्त्री" आणि "पुरुष" म्हणून फवारली जाते. आपल्या महाड-पोलादपुरात कातकरी वाड्या आहेत. भिंतीवर आदिवासी नाचवणाऱ्यांपैकी किती जणी त्या वाडीत एकदा तरी जाऊन बसल्या?

दूर कशाला, आपल्या देरासरांकडे बघा. कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही त्या आपण शत्रुंजयाच्या पटासमोर उभ्या राहून भावयात्रा करतो. पायरी पायरी डोळ्यांनी चढतो. मधुबिंदूचं चित्र आठवतं? विहिरीत लोंबकळणारा माणूस, वर फांदी कुरतडणारे उंदीर, खाली नाग, आणि हा मधाच्या थेंबासाठी तोंड उघडून. लहानपणी त्या चित्रापुढून मला ओढून न्यावं लागायचं. सहा लेश्यांचं चित्र तसंच. सहा जणांना जांभळं खायची आहेत. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा पिकलेली तेवढीच तोडू म्हणतो, आणि सहावा खाली पडलेली वेचू म्हणतो. अक्षर न येणाऱ्या बाईला कर्माचा रंग कळावा अशी सोय आहे ती. आपल्या जुन्या माणसांनी भिंतीवर रंग घातला तो असा, कामाला लावून.

आणि आपण? एका गावात (नाव घेत नाही) भिंतीवर "झाडे जगवा" रंगवलं आणि ते रस्त्यावरून नीट दिसेना, म्हणून पुढच्या जांभळीच्या फांद्या छाटल्या. सहा लेश्यांमधली ही कुठली, तुम्हीच सांगा.

आता हिशोब. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण जमा-खर्च बघायची खोड गेली नाही. आपल्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याची भिंत पाणी पिते. तिच्यावर ऑइलपेंट चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. दोन-तीन पावसाळ्यांत मोराची मान हिरवी की शेवाळाने हिरवी ते कळत नाही. मग शेवाळ खरवडा. आपण चौमासी चौदसच्या आत अंगण-गच्ची का साफ करून घेतो? शेवाळ धरूच नये, अनंत जिवांवर पाय पडू नये म्हणून. इथे आपल्याच पैशाने शेवाळाला भिंत तयार करून द्यायची आणि दर दोन वर्षांनी ते खरवडायलाही पैसे द्यायचे. देखभालीची तरतूद कोणाच्या वहीत आहे विचारलं तर उत्तर नाही. ज्या खर्चाला पुढच्या वर्षीचा धनी नाही तो खर्च मी घरात करू देत नाही, मंडळात का करू देऊ?

पण पैसे वाया जातात एवढीच माझी तक्रार असती तर गप्प बसले असते. लग्नात आपण याहून जास्त वाया घालवतो. मुद्दा वेगळा आहे.

२१ जुलै २०२१च्या रात्री पाणी चढायला लागलं आणि २२ तारखेला महाडची बाजारपेठ पाण्यात होती. आपल्यातल्या कितीतरी जणींची दुकानं तिथे आहेत. माझ्या नणंदेच्या घरी पोती उचलून तिसऱ्या फळीवर ठेवली. रात्रभर सगळ्यांच्या कंबरा मोडल्या. पाणी पाचव्या फळीला लागलं. माल गेला, खतावणी गेली, विम्याच्या दाव्याला जोडायचे कागदही चिखलात. तीच २२ तारीख तळीयेची. दरडीखाली ८० हून जास्त माणसं गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. ही आपल्याच तालुक्यातली गावं आहेत.

पाणी ओसरल्यावर प्रत्येक भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली होती. सरळ, कोणी पट्टी धरून काढावी तशी. इतकं खरं चित्र या तालुक्यात कोणी काढलेलं नाही. आणि आपण काय केलं? दिवाळीच्या आत ती पुसली. रंग दिला. घर अशुभ दिसायला नको म्हणून. नणंदेच्या सुनेचं लग्न २०२३ मध्ये झालं. पाणी कुठवर आलं होतं हे तिला कोणी दाखवलेलं नाही, आणि दुकानातली खालची फळी आता पुन्हा तिसरीच आहे.

दर पावसाळ्यात मोबाईलवर निरोप येतो, सावित्रीची पातळी इतके मीटर. इशारा पातळी ६ मीटर, धोका पातळी साडेसहा मीटर. माझ्या सुनेने एकदा विचारलं, "मम्मी, सहा मीटर म्हणजे आपल्या ओळखीच्या कुठल्या पायरीला?" घरात पाच माणसं होती, दोघे पदवीधर. एकालाही सांगता आलं नाही. आकडा हातात आहे आणि तो दाराशी कुठे उभा आहे ते माहीत नाही. रात्री दोन वाजता सासूबाईंना उचलून माडीवर न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या आकड्यावर बाईने ठरवायचं असतं. कारण दुकानातला माल पुरुष बघतात, पण म्हातारी, तान्हं आणि पाण्याचा हंडा बाईच बघते.

सांगलीकरांना विचारा. आयर्विन पुलाच्या खांबावर रंगवलेले फुटाचे आकडे आहेत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात अख्खी सांगली एकमेकांना एवढंच विचारते, "किती फूट झालं?" २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं ते लहान पोरालाही पाठ आहे. तिथल्या आपल्या जैन भगिनी पंचेचाळीसच्या आधी कुठला सामान हलवायचा ते आकड्यावर बोलतात. कुठल्याही मोरापेक्षा ते आकडे मला देखणे वाटतात. जपानमध्ये अनेयोशी नावाच्या खेड्यात १९३३ च्या लाटेनंतर लोकांनी दगड उभा केला, याच्या खाली घर बांधू नका म्हणून. लोकांनी तो मानला. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली, घरं वाचली. दगडावर शोभेचं काही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. वर्गणी द्यायची तर यासाठी द्या. २००५ चं पाणी कुठवर होतं, २०२१ चं कुठवर, या दोन रेघा महाडच्या बाजारात, सावित्रीच्या काठी, खाडीपट्ट्यातल्या ज्या ज्या वस्तीत पाणी शिरलं तिथे रंगवून घ्यायच्या. ज्यांनी पाणी पाहिलं त्यांनी हात लावून दाखवायचं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून एका भिंतीवरची पातळी दुसऱ्या भिंतीवर नेतो, त्याला तासाभराचं काम आहे. शेजारी मोठ्या आकड्यात ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. डोंगराखालच्या वाड्यांत चित्रं हवीत ती दरडीच्या खुणांची: जमिनीला नवी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, खांब आणि झाडं एका अंगाला कललेली. ही चित्रं काढायला मुंबईचा कलाकार लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गुरुजी-बाईंनी स्वतःच्या हाताने "बोलक्या भिंती" केल्या आहेत, पायऱ्यांवर पाढे, दाराच्या कमानीत कोन. त्यांना बोलवा. आणि आपण बायकांनी गेरू आणि चुना घेऊन बसायचं. रांगोळी काढणाऱ्या हातांना रेघ काढता येत नाही असं मला कोणी सांगू नका.

शोभेचं काही हवंच असेल तर शाळेच्या ओसरीत, पावसाचा मार लागत नाही अशा जागी, मुलांकडून ते जांभळीचं झाड काढून घेऊ. त्यावर धर्माचं नाव लिहायची गरज नाही. मुलं सगळ्या घरांतली आहेत आणि जांभळं सगळेच खातात.

आणि ते दोन फुटी नाव. पंख्याच्या पात्यावर नाव घालणारी माणसं आपण, पंखा फिरला की ते वाचताही येत नाही. गुप्तदानाची व्याख्यानं ऐकायची, बोली मात्र नावासाठी चढवायची. पुराच्या रेघेखाली सौजन्य कोणाचं लिहिणार? पाण्याचं? एक भाभी म्हणाल्या, नाव नसेल तर वर्गणी अर्धीही जमणार नाही. मग अर्ध्यात करू. दोन रेघा आणि तीन नंबर यांना मोराएवढा रंग लागत नाही.

बैठक ज्ञानपंचमीच्या आधी आहे. पेंटरला आगाऊ रक्कम द्यायचा विषय निघाला तर मी हात वर करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तोवर एक करा. घरातल्या मोठ्यांना विचारून २०२१ चं पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या फळीला, खिडकीच्या कुठल्या गजाला लागलं होतं ते जमिनीपासून इंचात मोजून कागदावर लिहून आणा. २००५ चं आठवणारं कोणी असेल तर त्यांना बैठकीला घेऊनच या, मी त्यांच्यासाठी खुर्ची आणि उकळलेलं पाणी ठेवते.