यंत्र आणि आपण : क्लच घट्ट करायचा, पण किती?



कसाऱ्याहून एका तरुणाचे पत्र आले आहे. नाव छापू नका, अशी त्याची विनंती आहे. वडिलांची जुनी बजाज चेतक त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा उभी केली. तेवढ्यावर समाधान झाले नाही म्हणून मूळ सिलिंडर काढून मोठ्या बोअरचे किट टाकले, कार्ब्युरेटर मोठा केला, सायलेन्सर बदलला. सपाट रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळते म्हणतो. पण त्याची बहीण इगतपुरीला इस्पितळात नोकरीला आहे, आणि पहाटेच्या पाळीला तिला मागे बसवून घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते आणि गाडी मात्र मरते. मागून ट्रक येत असतात. मिस्त्री म्हणतो, 'कडक स्प्रिंगा टाक, काम फत्ते.' आई म्हणते, 'विकून टाक ती गाडी.' आता कोणाचे ऐकू, असे तो विचारतो.

माझ्या मते दोघांचेही पूर्ण ऐकू नये. पण क्लच पक्का होईपर्यंत बहिणीने एस.टी.ने जावे, हे आधी सांगून ठेवतो. घाटात मध्येच ओढ गेलेली दुचाकी ही गंमत नव्हे.

आता मुद्द्याकडे वळू. चेतकचे मूळ इंजिन ५७ मिलिमीटर बोअर आणि ५७ मिलिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे १४५ सी.सी.चे. या तरुणाने टाकलेले किट ६३ मिलिमीटरचे आहे. स्ट्रोक तोच ठेवून हिशेब केला तर १७७ सी.सी. होतात, म्हणजे २२ टक्के वाढ. शिवाय कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरमुळे ओढ आणखी वाढली असणार. इंजिन थोरले झाले, पण ती ताकद चाकापर्यंत पोचवणारा क्लच मात्र धाकट्या इंजिनासाठी बनवलेलाच राहिला. कारखान्याने क्लचमध्ये थोडी शिल्लक ताकद ठेवलेली असते. ती शिल्लक या तरुणाने खर्चून टाकली.

क्लच किती जोर पेलतो, हे चार गोष्टींवर ठरते : स्प्रिंगा किती दाबतात, प्लेटांची पकड कशी आहे, प्लेटांचा घेर केवढा आहे आणि घासणारे पृष्ठभाग किती आहेत. चेतकमध्ये कॉर्कच्या तीन प्लेटा असतात. प्रत्येकीच्या दोन बाजू धरल्या की सहा पृष्ठभाग झाले. मधल्या लोखंडी प्लेटा पातळ घेऊन त्याच जागेत चार कॉर्क प्लेटा बसवल्या तर आठ पृष्ठभाग होतात. स्प्रिंगा त्याच ठेवूनही क्लचची ताकद एक तृतीयांशाने वाढते. वाढलेले २२ टक्के त्यात बसतात आणि वर थोडे उरते. मिस्त्रीच्या कडक स्प्रिंगांपेक्षा मला हा मार्ग पसंत आहे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

चेतक ही इटलीच्या व्हेस्पाच्या घराण्यातली. या घराण्यात क्लच थेट क्रँकच्या टोकावर बसतो. लॅम्ब्रेटाचे तसे नाही. तिच्यात क्रँकवरून साखळी निघते आणि ती ४६ दात्यांचा क्लच फिरवते. म्हणजे क्लच सावकाश फिरतो, पण त्याच्यावर जोर जास्त येतो. व्हेस्पात उलटे : जोर कमी, फिरणे मात्र इंजिनाच्याच वेगाने. म्हणूनच खूप वेगात फिरणाऱ्या ट्यून केलेल्या इंजिनात क्लचच्या हौसिंगची बोटे बाहेर फाकू लागतात आणि शौकीन मंडळी त्यावर लोखंडी कडे बसवून घेतात. पण आपल्यासाठी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण लिव्हर दाबतो तेव्हा स्प्रिंगांचा सगळा जोर क्रँकवरून मेन बेअरिंगवर आडवा येतो. स्प्रिंगा जितक्या कडक, तितका बेअरिंगला मार. सिग्नलवर गाडी न्यूट्रल न करता क्लच दाबून उभे राहण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्यात कडक स्प्रिंगांची भर पडली की बेअरिंग लवकर आवाज करू लागते. क्लचची वायर तुटणे तर रोजचेच होऊन बसते.

आणि हाताचे काय? चेतकमध्ये क्लच दाबायचा तोही डावा हात आणि गिअर फिरवायचा तोही डावाच. घरातली गाडी एकटा मुलगा चालवत नाही. बहीण चालवते, कधी वडीलही बाजाराला नेतात. दहा मिनिटांच्या गर्दीत ज्या लिव्हरने मनगट भरून येते, ती सुधारणा कुणासाठी?

चार प्लेटांनाही एक खोट आहे, ती लपवणे बरे नाही. लिव्हर दाबल्यावर प्रेशर प्लेट ठरावीक अंतरच मागे सरते आणि ते अंतर सगळ्या पृष्ठभागांत वाटले जाते. समजा ती दोन मिलिमीटर सरकली, तर सहा पृष्ठभागांत प्रत्येकी ०.३३ मिलिमीटर फट मिळते, आठांत फक्त ०.२५. म्हणून चार प्लेटांचा क्लच नीट सुटत नाही, गाडी क्लच दाबूनही पुढे रेटते, न्यूट्रल सापडत नाही, अशा तक्रारी येतात. यावर उपाय म्हणजे प्लेटा काचेवर ठेवून सपाट आहेत का ते पाहणे, हौसिंगच्या खाचांत प्लेटांनी खड्डे पाडले असतील तर हौसिंगच बदलणे आणि वायरला विनाकारण ढिलाई न ठेवणे. लिव्हरला दोनएक मिलिमीटरची मोकळीक पुरे. मोकळीक अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि स्लिप होतो. कित्येकांचा 'क्लच गेला' म्हणजे एवढेच असते!

खरे तर पैसे खर्च करण्याआधी पाहायच्या गोष्टी याच आहेत. दुसरी गोष्ट ऑईल. या गाडीत क्लच गिअरच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. तिथे साधे एस.ए.ई. ३० ऑईल, पाव लिटर लागते. कोणी प्रेमाने मोटारीचे महागडे ऑईल ओतले तर त्यातले घर्षण कमी करणारे पदार्थ कॉर्कची पकडच घालवतात. दुचाकीसाठीचे ऑईल घ्यायचे तर डब्यावर 'जासो एम.ए.' असे लिहिले आहे का ते पाहावे. 'एम.बी.' लिहिलेले नको, ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते. स्प्रिंगा जुन्या असतील तर नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या करून उंची ताडून पाहावी. दबून आखूड झालेल्या स्प्रिंगेला मोजपट्टीही लागत नाही, नजरेलाच कळते.

बाजारात याहून मोठे उपायही आहेत. व्हेस्पाच्या २०० सी.सी. गाडीचा सात स्प्रिंगांचा क्लच येतो. पियाजिओने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या 'कोसा' गाडीचा आठ स्प्रिंगांचा क्लच तर शौकिनांत फार नावाजलेला. तो घेराने मोठा, त्यामुळे ताकद वाढूनही हाताला हलका लागतो. पण तो आपल्या केसिंगमध्ये फिरायला जागा आहे का, त्याच्या पिनियनचे दाते आपल्या मोठ्या गिअरशी जुळतात का, झाकण कोणते लागेल, हे आधी तपासावे लागते. रोज कामाला जाणाऱ्या गाडीला एवढा खटाटोप मी करणार नाही. आणखी एक. किट टाकल्यावर वेग वाढावा म्हणून पिनियनला एखादा दात वाढवण्याचा मोह होतो. घाटात राहणाऱ्याने तो आवरावा. दात वाढला की गाडी चढावर उठवताना क्लच जास्त वेळ घासतो.

बसवण्याच्या कामात दोन जागी घाई नडते. नव्या कॉर्क प्लेटा रात्रभर ऑईलमध्ये भिजत ठेवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. दुसरी जागा म्हणजे क्रँकवरचा खाचेरी नट. त्याला खास पाना मिळतो. छिन्नी-हातोडीने ठोकून तो आवळू नये. ४० ते ४५ न्यूटन-मीटर एवढा आवळून खालच्या वॉशरचा कान खाचेत दुमडावा. हा नट ढिला राहिला तर अर्धचंद्राकार चावी कापली जाते, क्लच क्रँकच्या निमुळत्या टोकावर फिरून ते खरवडून टाकतो, आणि मग प्लेटांच्या खर्चाच्या जागी क्रँकचा खर्च उभा राहतो.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाने फेरफार करता येत नाही. क्लचच्या प्लेटांनी आर.सी. बुकातले काही बदलत नाही, पण त्यात १४५ सी.सी. लिहिलेले असताना आत १७७ चे सिलिंडर असणे ही वेगळी गोष्ट आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा तपासणी होते. अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा आडवा येऊ शकतो. बहीण रोज मागे बसणार असेल तर मी मूळ सिलिंडर परत चढवीन आणि चार प्लेटा तशाच ठेवीन. मग घाटात क्लचची काळजीच उरणार नाही. चेतकचे ड्रम ब्रेकही १४५ सी.सी. साठीच आहेत, हे उतारावर आपोआप कळते.

आईंना एवढेच सांगावे की गाडी विकायची गरज नाही. एकेकाळी हीच गाडी मिळवायला लोकांना वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. १९७२ साली आलेली ही दोन स्ट्रोकची चेतक आता बनत नाही. २०२० पासून त्याच नावाने रस्त्यावर आली ती विजेची. तिला क्लचच नाही, म्हणजे आमच्यासारख्यांचे लिहिणेही संपले!

नवा क्लच बसवल्यावर पहिले दोनशे किलोमीटर गाडी एकट्याने, सपाटीवर आणि सावकाश चालवा. मग ऑईल गरम असतानाच पांढऱ्या ताटलीत काढून पाहा. कॉर्कची थोडी काळपट भुकटी असेल तर चिंता नाही. चमकणारे लोखंडाचे कण किंवा जळका वास असेल तर झाकण पुन्हा उघडा आणि घाट तोवर लांबणीवर टाका.