घरची बाग : वीतभर गुलाब

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलतो. पावसाळाभर कुंडीत साचणाऱ्या पाण्याबद्दल विचारणारी मंडळी आता विचारू लागतात, "आमच्या गॅलरीत गुलाब लागेल का हो?" पहाटे जरासा गारवा येतो, रोपवाटिकांतून गुलाबांच्या रांगा दिसू लागतात, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातल्या माणसालाही वाटते, आपल्या घरी एक तरी गुलाब असावा. अशांना माझे एकच उत्तर असते : लागेल. मात्र बटण-गुलाब लावा, आणि तो लहान आहे हे विसरून जा.

या उत्तराचा उत्तरार्ध मोठा महत्त्वाचा आहे. बटण-गुलाब, म्हणजेच मिनिएचर गुलाब, हे वीत-दीड वीत उंचीचे झुडूप. फूल रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे; पाने, काटे, कळ्या, सारे त्याच मापात बेतलेले. छाटून छाटून खुजे केलेले हे झाड नव्हे; ते जातीनेच लहान. सुगंध मात्र बहुतेक जातींना बेताचाच असतो, तेव्हा नाकाने नव्हे, डोळ्यांनी निवडावा. त्याची भूक मात्र लहान नाही. उन्हाची गरज त्याला थोरल्या गुलाबाइतकीच असते.

याचे घराणे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. वर्षभर पुनःपुन्हा फुलणारे चिनी गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले. त्यांतले काही कलकत्त्याच्या वाटेने गेले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना चक्क 'बंगालचे गुलाब' म्हणत. त्यांचाच एक चिमुकला वंशज पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या खेड्यात, खिडकीतल्या कुंडीत वाढत असलेला रूले नावाच्या लष्करी गृहस्थांना दिसला. जिनिव्हाचे उद्यानतज्ज्ञ कोरवाँ यांनी त्याला रूले यांचेच नाव देऊन जगापुढे आणले. पुढे हॉलंडच्या यान द विंक यांनी त्याचा संकर करून काढलेली जात १९३६ साली अमेरिकेत 'टॉम थंब' या नावाने गाजली. आणि कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी तर याच कामात हयात घालवली. ते शंभरी ओलांडून २००९ साली वारले. सांगायचा मुद्दा हा, की हा गुलाब कुंडीतलाच. पण ती कुंडी खिडकीत होती, दिवाणखान्यातल्या टेबलावर नव्हती.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक आजी राहतात. जन्म वाड्यात गेला. अंगणात गावठी गुलाब, तुळस, पारिजातक. वाडा पाडून इमारत उभी राहिली आणि आजी तिसऱ्या मजल्यावर आल्या. नातवाने हौसेने बटण-गुलाब आणून दिला. "इतकेसे रोप, उन्हात करपून जाईल," म्हणून घरच्यांनी तो दूरदर्शन संचाशेजारी ठेवला. पंधरवड्यात पाने पिवळी पडून गळू लागली. आजी कोणाला काही बोलल्या नाहीत, पण जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "माझ्या हाताला आता काही जगत नाही बघ." मला ते वाक्य फार लागले. हाताचा त्यात काय दोष! मी म्हटले, "आजी, तुमचा वाड्यातला गुलाब कधी माजघरात ठेवला होता का?" त्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून कुंडी पूर्वेच्या खिडकीशी गेली. पहिले आठ दिवस कोवळे ऊन, मग अकरापर्यंतचे, मग बाराचे. महिनाभरात लालसर फुटवे आले, आणि त्यानंतर कळ्या. आता देवपूजेला रोज एक फूल निघते, आणि ते कोणी खुडायचे यावरून नातवंडांत भांडण होते.

तेव्हा रोप आणण्यापूर्वी आपली गॅलरी पाहा. रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. दक्षिणेच्या गॅलरीत दिवाळीपासून होळीपर्यंत ऊन सरळ आत येते, आणि आपल्याकडे गुलाबाचा खरा बहर नेमका याच दिवसांत असतो. उन्हाळ्यात मात्र सूर्य डोक्यावर गेला की तेथे ऊन कमी पडते, तेव्हा कुंडी कठड्याकडे सरकवावी. पश्चिमेचे ऊन चालते, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जुन्या साडीचा आडोसा करावा. गॅलरी फक्त उत्तरेकडे असेल तर गुलाबाचा नाद सोडावा आणि मनी प्लँट लावावा. त्यात कमीपणा काही नाही.

कुंडी आठ ते दहा इंचांची, शक्यतो मातीची, आणि तळाला भोक असलेलीच घ्यावी. दोन भाग बागेतली माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढे मिश्रण पुरते. पाणी घड्याळ पाहून घालू नये. बोट पेरभर मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा मान राखण्यासाठी ताटली ठेवावीच, पण तीत साठलेले पाणी लगेच ओतून टाकावे. साठल्या पाण्याने मुळे कुजतात, आणि डेंग्यूच्या डासांना तर तेवढेच हवे असते. चहाचा चोथा घालणाऱ्या भगिनींना एक विनंती : तो आधी स्वच्छ धुवा. साखर-दुधासकट घातलात तर गुलाबाऐवजी मुंग्यांची बाग फुलेल.

शत्रू तसे पुष्कळ, पण गॅलरीत सर्वांत वाईट लाल कोळी. कोरड्या गरम हवेत पानांच्या खालच्या अंगाला बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसले, पाने फिकी पडू लागली, की समजावे. सकाळच्या वेळी पाने उलटी धरून पाण्याची जोरदार फवारणी चार-पाच दिवस करावी. बहुधा तेवढ्याने भागते. पानांवर काळे डाग पडले तर ती पाने तोडून कचऱ्यात टाकावी, कुंडीत राहू देऊ नयेत.

आता या आठवड्यातले काम. ज्यांच्याकडे रोप आधीपासून आहे आणि पाऊस संपल्यावर छाटलेले नाही, त्यांनी ते दिवाळीच्या सुट्टीत छाटावे. वाळलेल्या, किडक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या आधी काढाव्या. राहिलेल्या काड्या निम्म्यापर्यंत आणाव्या. काप धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा घ्यावा. नंतर वरची माती हलवून मूठभर खत द्यावे. नवे फुटवे दिसले की दर पंधरा दिवसांनी शेणखताचे पातळ, फिक्या चहाच्या रंगाचे पाणी घालावे. छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात. म्हणजे मार्गशीर्षातल्या शेवटच्या एखाद्या गुरुवारच्या पूजेला घरचे फूल मिळायला हरकत नाही. सुकलेले फूल झाडावर ठेवू नये. खालच्या पहिल्या पाच पाती असलेल्या पानापर्यंत काडी कापली, की तेथून नवा फुटवा येतो.

छाटलेल्या काड्या मात्र फेकू नका. बटण-गुलाब बहुधा स्वतःच्याच मुळांवर वाढतो. थोरल्या गुलाबासारखे त्याला रानगुलाबावर डोळा भरण्याची गरज पडत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक, चार बोटे लांबीच्या निरोगी काड्या घ्या, खालची पाने काढा, वरची दोन ठेवा, आणि ओल्या वाळूत निम्म्या खोचून सावलीत, पण उजेडात ठेवा. वाळू सुकू देऊ नका. महिना-सव्वा महिन्यात मुळे धरतात. दहांतल्या सहा-सात जगल्या तरी पुष्कळ झाले. एकेक लहान कुंडीत लावून हळूहळू उन्हाला सरावल्या, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला याहून चांगली वस्तू कोणती? फक्त वाण देताना सांगायला विसरू नका, की रोप लहान दिसते, म्हणून घरात ठेवू नका. खिडकीबाहेर उन्हात ठेवा.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. फराळ आटोपला की कात्रीला धार लावा.