नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. बारशाच्या घरी ही दोन्ही कामे एकाच वेळी कशी चालतात, याचा अनुभव मी नुकताच घेतला.

आम्ही अंबडला राहतो. एके काळचे हे खेडे आता नाशिक शहरात सामावून गेले आहे आणि शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले आहेत. माझा मुलगा व सूनबाई दोघेही तेथेच नोकरी करतात. त्यांना मुलगा झाला, तेव्हा आजच्या रीतीप्रमाणे एखादे दोन अक्षरी, गुळगुळीत नाव कानी पडेल, अशी माझी अटकळ होती. परंतु सूनबाई म्हणाली, ''अण्णा, याचे नाव मोरेश्वर ठेवावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. लहानपणी तुम्ही यांच्याकडून मोरोपंतांच्या आर्या पाठ करून घेत होतात ना?''

झाले! घरात एकच गलबला उडाला. माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, म्हणाली, ''शाळेत पोरे याला मोर म्हणून चिडवतील. घरात मोरू म्हणावे, तर मोरू कोणाला म्हणतात ते साऱ्यांना ठाऊक आहे!'' तिचे म्हणणे खोटे नव्हते. एखाद्या भोळसट मनुष्याला फसविले की 'त्याचा मोरू केला' असे आपण म्हणतो. मी मराठीचा एम. ए.; तेव्हा मी आनंदाने मान डोलावीन, असे सर्वांना वाटले होते. परंतु मी गप्प राहिलो. त्याचे कारण सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत नवा शिक्षक होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या नावात 'धोंडा' होता. एके दिवशी हजेरी घेताना त्याच्या नावावर मी एक कोटी केली. वर्ग खदखदून हसला आणि माझ्या विनोदबुद्धीचे मला स्वतःलाच कौतुक वाटले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाने 'हजर' म्हणणे सोडून दिले. तो नुसता हात वर करी. आठवड्याने त्याची आई शाळेत आली. रागावली मुळीच नाही. ''गुरुजी, याच्या आधीची दोन गेली,'' एवढेच ती म्हणाली. पूर्वी ज्या घरी मुले जगत नसत, तेथे दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत. नाव सुंदर असले तर मृत्यूची दृष्ट पडेल, दगडाकडे अथवा केराकडे कोण पाहणार, असा त्या माउल्यांचा समज. ज्या नावाला मी हसलो, ते नाव एका आईने आपल्या भीतीवर ठेवलेला दगड होते. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या ज्या महर्षी कर्व्यांना १९५८ साली 'भारतरत्न' हा किताब मिळाला, त्यांचे नावही धोंडो केशवच होते. हे मला ठाऊक असूनही त्या दिवशी आठवले नाही.

म्हणून मोरेश्वर हे नाव ऐकताच मला वाटले, आपल्या वाङ्मयप्रेमाची हौस या तान्ह्या जिवाने जन्मभर का वाहावी? नाव आपण ठेवणार. वर्गात हाकेला ओ द्यावी लागणार ती त्याला!

रात्री झोप येईना. उठून कपाटातून 'केकावली' काढली. मोरोपंतांचा जन्म १७२९ सालचा. मोरेश्वर हे त्यांचे पाळण्यातले नाव. सगळे महाभारत त्यांनी आर्यावृत्तात आणले, आणि उतारवयात देवाची करुणा भाकण्यासाठी 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो! आपल्या नावातला मोर लोकांनी शोधून हसण्याआधी कवीने तो स्वतःच पुढे आणला आणि त्याच्याकडून देवाला हाक मारविली. आपल्या काव्यात त्यांनी 'मयूर' अशी नाममुद्राही घातली. गंमत अशी की, आजच्या वर्गांत मयूर नावाची मुले आहेत आणि त्या नावाला कोणी जुनाट म्हणत नाही. शब्द तोच, पक्षीही तोच. मग आपण हसतो ते नेमके कशाला?

शिवाय आपली जुनी नावे माणसाबरोबर वाढत असत, हा त्यांचा मोठा गुण. अंगणातला मोरू मोठा झाला की मोरोबा होई आणि विद्वान झाला की मोरोपंत. आणि इतके करूनही मनुष्य आपल्या नावाला कायमचा बांधलेला नसतोच. नाशिककर ज्यांना तात्यासाहेब म्हणत, त्या शिरवाडकरांचे जन्मनाव गजानन. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. पुढे कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून त्यांनी स्वतःच 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले, आणि आज आपल्या ओठी तेच आहे.

सकाळी मी सूनबाईला म्हटले, ''नाव ठेवा. परंतु एका अटीवर. याला बोलता येऊ लागले की केका म्हणजे काय, हे तू त्याला सांगायचे. मी असेन-नसेन.'' ती हसून म्हणाली, ''आणि माझे नाव?'' तिचा प्रश्न योग्य होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे प्रथम आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहावे, असा महाराष्ट्र शासनाचा नियम आहे. काहींना तो अगदी नवा वाटतो. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर पांडवलेणी आहेत. तेथील एका लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख कोरलेला आहे. तिचा पुत्र, सातवाहन राजा सातकर्णी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून आजतागायत आईच्या नावानेच ओळखला जातो : गौतमीपुत्र!

बारशाच्या दिवशी आत्येनेच बाळाच्या कानात नाव सांगितले आणि रीतीप्रमाणे पाठीत बुक्के खाल्ले. पेढे वाटून होतात न होतात तोच शेजारच्या एका गृहस्थांनी विचारले, ''इतके जुने नाव का हो ठेवले?'' मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच आत्या पुढे झाली आणि हातातले पेढ्यांचे ताट खाली ठेवून त्यांना मोरोपंतांची हकीकत सांगू लागली.