पेज ओतू नका!

विद्यार्थिमित्रांनो, स्वयंपाकघरातल्या मोरीत आपण रोज काय काय ओतून देतो, याचा कधी हिशेब केला आहे का? मी केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी माझ्या भाचीने आमच्या घरी पास्ता केला आणि तो साफ फसला, तेव्हा हा हिशेब करण्याची वेळ आली.

आमचे गाव नाते. महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत लागते. गाव भाताच्या मुलखातले, त्यामुळे घरात रोज भात शिजतो. बुधवार हा आमच्याकडे कोंबडीचा वार. भाची पुण्याला कॉलेजात शिकते. चार दिवस राहायला येताना तिने पास्त्याचे पाकीट आणि क्रीमचे खोके आणले होते. "मामा, आज रात्रीचं जेवण माझ्याकडे. क्रीम, चिकन आणि बेकनचा पास्ता. अर्ध्या तासात होतो!" बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेले आणि धुरावलेले डुकराचे मांस. ते एस.टी.च्या प्रवासात टिकणार नाही म्हणून तिने आणले नव्हते. बाकी सारी तयारी जय्यत होती.

तिने मोठ्या टोपात भरपूर पाणी उकळून पास्ता शिजवला, चाळणीत ओतला, पाणी मोरीत सोडले आणि पास्त्यावर नळाचे गार पाणी घातले. दुसरीकडे कोंबडीच्या फोडी, दोन आंबट टोमॅटो आणि क्रीम यांना खळखळून उकळी आणली. ताटात वाढले तेव्हा पास्त्याची लादी झाली होती. रस तिच्यावरून घसरून ताटाच्या कडेला जमला होता, त्यात पांढरे कण दिसत होते आणि वर तुपाचा तवंग तरंगत होता.

आईचे वय ऐंशीच्या पुढे. तिने दोन घास खाल्ले आणि विचारले, "पेज कुठे गेली गं?"

"कसली पेज, आजी?"

"अगं, हे शिजवलंस त्याचं पाणी."

"ते? ओतलं मोरीत."

"कोंबड्यांना तरी घालायचंस!"

आम्ही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले, की पास्ता का फसला याचे उत्तर आईने पहिल्याच प्रश्नात दिले होते. कोंबड्यांबद्दलही ती विज्ञानाच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट नकळत बोलून गेली होती. तिच्याकडे पुढे येतो.

आधी पास्ता म्हणजे काय ते पाहू. हे नाव ऐकून काही जण नाक मुरडतात, तर काही जण उगाच भारावतात. दोन्हींची गरज नाही. पास्ता ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्याचा करतात. हाच गहू महाराष्ट्रात बन्सी गहू म्हणून ओळखला जातो आणि शेवयांसाठी नावाजलेला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस ४०२८' नावाचे ड्युरम गव्हाचे वाणही काढले आहे. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे हे आपले वळवटाचे प्रकार तुम्ही एखाद्या लग्नाच्या रुखवतात पाहिले असतील. बोटांनी वळून वाळवलेला तो पास्ताच होय. फरक एवढाच, की आपण त्याची गोड खीर केली आणि इटलीच्या लोकांनी त्यावर खारा, दाट रस घातला.

हा रस दाट आणि मलईसारखा कसा होतो? क्रीम घातले की झाले, असे भाचीला वाटले. क्रीम हे पायस असते, म्हणजे पाण्यात मेदाचे अतिशय बारीक थेंब विखुरलेले असतात. खोक्यातल्या क्रीममध्ये साधारण पाव भाग मेद, थोडी प्रथिने आणि बाकीचे बहुतेक पाणी. थेंबांवरचे प्रथिनांचे पातळ वेष्टन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. आंबट टोमॅटो आणि जोराची उकळी यांपुढे त्या प्रथिनांचा टिकाव लागत नाही. ती गोळा होतात, आणि वेष्टन गेलेले थेंब एकत्र येऊन तवंग बनतात. यालाच आपण 'फुटले' म्हणतो.

येथे पिष्ट मदतीला येते. धान्यातले पिष्ट सूक्ष्म कणांच्या रूपात असते. पाणी साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर तापले की हे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांतले लांब साखळीचे रेणू पाण्यात उतरतात. भाताची पेज घट्ट होते ती यामुळेच. पास्त्याचे पाणी गढूळ होते तेही यामुळेच. अशा पाण्यात मेदाचे थेंब सहजासहजी एकत्र येऊ शकत नाहीत, कारण वाटेत साखळ्यांचे जाळे असते. शिवाय हे पाणी पास्त्याला धरून राहते, त्यामुळे रस ताटाच्या कडेला पळत नाही.

हा नुसता आजीबाईचा बटवा नव्हे. चीज आणि मिरी घालून करतात त्या एका रोमन पास्त्यावर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि २०२५ साली त्यांचा निबंध भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला. चीजच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी पिष्ट असेल तर रसात गुठळ्या होतात, दोन ते तीन टक्के असेल तर रस एकजीव राहतो, आणि चार टक्क्यांच्या पुढे तो खळीसारखा घट्ट होतो, असे त्यांना आढळले. त्या वर्षी त्यांना इग् नोबेल हे पारितोषिकही मिळाले. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आईला मी हे सांगितले. ती म्हणाली, "त्यात बक्षीस कशाला?"

पुढच्या बुधवारी आम्ही पुन्हा बेत केला. क्रीम संपले होते, ते बरेच झाले. त्याऐवजी एक नारळ खवून मिक्सरमध्ये वाटला आणि त्याचे पहिले जाड दूध पिळून बाजूला ठेवले. बेकनच्या जागी काय, हा प्रश्न आईनेच सोडवला. तिने डब्यातून मूठभर सोडे काढले. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. रायगड जिल्ह्यात ते कोणाला सांगायला नकोत. बेकन जे काम करते तेच काम सोडे करतात. दोन्हींत मांस टिकवण्यासाठी त्यातले पाणी काढलेले असते, आणि चव त्यामुळे एकवटलेली असते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशैवालाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि या चवीला 'उमामी' असे नाव दिले. ती चव बेकनमध्ये आहे, तशी सोड्यांतही आहे.

बेकनबद्दल माझे मत विचाराल, तर ते मिळाले नाही याचे मला दुःख झाले नाही. बेकनमध्ये नायट्राइट घालतात. त्याने घातक जंतूंची वाढ रोखली जाते आणि मांसाचा गुलाबी रंग टिकतो. पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने असे प्रक्रिया केलेले मांस मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. म्हणून एखाद्या दिवशी खाल्लेला तुकडा म्हणजे विष नव्हे. तो प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. धर्माने वा आवडीने ज्यांना डुकराचे मांस चालत नाही त्यांचाही प्रश्न सोड्यांनी सुटतो. फक्त कोलंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता कृती. चार माणसांना पाव किलो पास्ता पुरतो. पाणी दीडच लिटर घेतले, मीठ एक चमचा. पास्त्याला डोहभर पाणी लागते हा समज तितकासा खरा नाही. हॅरॉल्ड मॅक्गी या अमेरिकन लेखकाने २००९ साली प्रयोग करून कमी पाण्यातही पास्ता उत्तम शिजतो असे दाखवले होते. पाणी कमी म्हणजे पिष्ट दाट, आणि गॅसही वाचतो. मात्र कमी पाण्यात सुरुवातीला ढवळत राहावे लागते, नाही तर पास्ता चिकटतो. सोडे कोमट पाण्यात भिजवून रेती निघेपर्यंत धुतले आणि थोड्या तेलात कुरकुरीत परतून बाजूला काढले. त्याच तेलात लसूण, कांदा, मिरपूड आणि हाड काढलेल्या कोंबडीच्या फोडी घातल्या. फोडी आतपर्यंत शिजल्या पाहिजेत. आतले तपमान ७४ अंश झाले की अपायकारक जंतू उरत नाहीत. कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची पद्धत मात्र सोडा. तिचे शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडून जंतू पसरतात. शिजवल्याने ते मरणारच असतात.

पास्ता शिजायला दोन मिनिटे उरली असताना भाचीने तो झाऱ्याने उचलून थेट कढईत टाकला आणि वर दोन पळ्या पेज घातली. पास्ता कढईतच शिजला आणि रस आळला. मग कढई खाली उतरवून जाड दूध घातले. उतरवून का? नारळाच्या दुधातली प्रथिनेही सुमारे ८० अंशांच्या वर टिकत नाहीत आणि दूध फुटते. सोलकढी तापवली तर फुटते हे घरोघरी ठाऊक असते. कोकणातल्या बायका जाड दूध शेवटी घालतात, उकळू देत नाहीत, यामागचे कारण हेच. वरून सोडे भुरभुरले. घड्याळ पाहिले तर नारळ खवण्यासकट चाळीस मिनिटे झाली होती. रस पास्त्याच्या अंगाला धरून होता, तवंग नाही, गुठळी नाही. ज्यांच्या घरी कोंबडी चालत नाही त्यांनी मटार आणि अळंबी घालावीत. पेजेचा न्याय बदलत नाही.

आता आईच्या कोंबड्यांची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरच्या बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जाकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र सडीक भात मिळत होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणार नाही असे त्याने ठणकावले. मग त्यांना साधा, कमी सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालू लागल्या. तांदळाच्या कोंड्यात असलेले आणि सडताना जाणारे ते द्रव्य म्हणजे थायामिन, अर्थात जीवनसत्त्व ब१. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

थायामिन पाण्यात विरघळते. गिरणीत थोडे जाते, पुन्हा पुन्हा धुताना थोडे जाते, आणि भात वेळून पेज ओतून दिली की त्यातले आणखी मोरीत जाते. उकड्या तांदळात ते दाण्याच्या आत मुरलेले असल्याने अधिक टिकते. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी या दृष्टीने शहाणी आहे, कारण तिच्यातले पाणी तिच्यातच राहते. जेथे दोन वेळच्या जेवणात भात हेच मुख्य अन्न, तेथे हा हिशेब क्षुल्लक नाही. म्हणून मी म्हणतो, पेज ओतू नका. प्या, वरणात घाला, कणकेत घाला.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेश यांच्या गाळाच्या मुलखात भूजलात आर्सेनिक आहे आणि ते भातातही उतरते. तेथे स्वच्छ, भरपूर पाण्यात भात शिजवून ते पाणी टाकून देणेच हिताचे. म्हणजे माझा सल्ला नात्याला लागू, तो सगळीकडे डोळे मिटून लागू करू नये.

शिक्षकांना एक विनंती. पिष्टाची आयोडीन-परीक्षा आपण वर्षानुवर्षे बटाट्याच्या कापावर दाखवतो. यंदा मुलांना घरची गार पेज बाटलीतून आणायला सांगा. कोणाची वेळलेल्या भाताची असेल, कोणाची पास्त्याची, कोणाची शेवयांची. प्रत्येकीत आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग कोठे गडद आणि कोठे फिका ते पाहा. मग दोन बाटल्या घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत पेज. दोन्हींत दोन-दोन चमचे गोडे तेल घालून शंभर वेळा हलवा आणि तेल कोणत्या बाटलीत आधी वेगळे होते ते घड्याळ लावून मोजा. आमच्या गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांनी मिळवले, हे आमच्या मुलांनाही सांगावे लागते. त्यांच्याच गावात पिष्टाचा प्रयोग बटाटा नाही म्हणून अडायला नको.

भाची पुण्याला परत गेली. परवा तिचा फोन आला. वसतिगृहात पास्ता केला होता, मैत्रिणींनी चाटून पुसून खाल्ला. आईने फोन हातात घेतला आणि एकच विचारले, "उरलेल्या पेजेचं काय केलंस?"