आधी कान, मग तोंड

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एका ज्युनिअर सहकाऱ्यानं मला गाठलं. त्याचा हॅम रेडिओचा परवाना नुकताच हातात पडला होता, त्यामुळे स्वारी हवेत! चहा येण्याआधीच प्रश्न आला, "दादा, सॅटेलाइटवरून बोलायला कुठला रेडिओ घेऊ? बजेटचा प्रश्न नाहीये."

मला हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीही एका ज्येष्ठ हॅमना अगदी हेच विचारलं होतं. बोनस जमा झाला होता, लग्न व्हायचं होतं (म्हणजे पैसे अजून माझेच होते :-) ), आणि लॅपटॉपवर एकेका रेडिओचं पानच्या पान उघडून ठेवलं होतं. त्यांनी मला उलट विचारलं, "तुला बोलायचंय की ऐकायचंय?" मी म्हणालो, अर्थातच बोलायचंय. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ कळायला मला सहा महिने आणि एक चांगलीच फजिती लागली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पृथ्वीभोवती काही छोटे उपग्रह फिरतात, ज्यांच्यावर हौशी रेडिओवाल्यांसाठी रिपीटर बसवलेले आहेत. तुम्ही खालून एका फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, उपग्रह तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर खाली पाठवतो, आणि हजारो किलोमीटरच्या टापूत कुणीही ते ऐकू शकतं. ना इंटरनेट, ना मोबाइल टॉवर. उपग्रह एका क्षितिजावर उगवतो आणि दहा-बारा मिनिटांत दुसऱ्या क्षितिजाखाली जातो. तेवढ्या वेळात काय ते बोलून घ्यायचं. बोलायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो. त्याची परीक्षा असते, आणि वयाची अट फक्त १२ वर्षं.

आता माझी फजिती. परवाना आल्यावर मी हातात मावणारा ५ वॅटचा ड्युअल बँड हँडसेट घेतला आणि एका रविवारी सकाळी पुण्यातली एक टेकडी गाठली. उपग्रह होता एसओ-५०, २००२ साली सोडलेला. वर जायला १४५.८५० मेगाहर्ट्झ, खाली यायला ४३६.७९५. सोबत ६७ हर्ट्झचा टोन द्यावा लागतो. सगळं पाठ करून गेलो होतो. उपग्रह उगवला. मी कॉलसाइन म्हटला. उत्तर नाही, नुसती खरखर. परत म्हटला. परत खरखर. दहा मिनिटं मी त्या टेकडीवर एकटा ओरडत होतो. मॉर्निंग वॉकवाले आजोबा लांबून वळसा घालून गेले. शेवटी वाटलं, आपला रेडिओच कमी पडतोय. तिथल्या तिथे ठरवलं की आता मोठा सेट घ्यायचा.

संध्याकाळी त्या ज्येष्ठांचा फोन. "सकाळी तूच होतास ना? अरे, तू मस्त पोहोचत होतास. इथे खणखणीत ऐकू येत होतास." मी खूश! मग म्हणाले, "फक्त तू ऐकत नव्हतास. शाळेतली काही मुलं आयुष्यात पहिल्यांदा सॅटेलाइटवर बोलायचा प्रयत्न करत होती. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर तू होतास."

मला काय बोलावं सुचेना. एफएमचा स्वभाव असा की दोन सिग्नल एकदम आले तर जोरदार असतो तोच रिसीव्हरमधून बाहेर पडतो, दुसरा जवळजवळ पुसला जातो. त्या मुलांची दहा मिनिटं मी पुसून टाकली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या कॉन-कॉलवर नाही का एखादा असतो, ज्याचा आवाज सगळ्यांना जातो पण ज्याला कुणाचंच ऐकू येत नाही, आणि तो बोलतच राहतो? तो मी होतो.

त्या रात्री आकडे मांडून बसलो. एसओ-५०चा ट्रान्समीटर आहे पाव वॅटचा, म्हणजे २५० मिलिवॅट. माझा हँडसेट ५ वॅटचा. म्हणजे मी उपग्रहाच्या वीसपट ताकदीनं बोलत होतो! तो बिचारा शेकडो किलोमीटर उंचीवरून पाव वॅटमध्ये कुजबुजत होता, आणि ते ऐकायला माझ्याकडे हँडसेटसोबत आलेली रबरी शेपटी होती. अडचण तोंडाची नव्हतीच, कानाची होती. आणि मी लाखभर रुपये घालून आणखी मोठं तोंड विकत घ्यायला निघालो होतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सॅटेलाइटसाठी रेडिओ निवडताना वॅट, रंगीत स्क्रीन, ब्रँड हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: मी बोलत असताना मला उपग्रहावरून येणारा माझाच आवाज ऐकू येईल का? याला फुल डुप्लेक्स म्हणतात. बाजारातले बहुतेक ड्युअल बँड सेट दोन बँड ऐकवतात, पण बोलण्याचं बटण दाबलं की कान बंद करतात. म्हणजे तुम्ही पोहोचताय की नाही, कुणावर चढून बोलताय की काय, काहीच कळत नाही.

यात भले भले फसतात. आयकॉमचा आयसी-७०५ सेट देखणा आहे, २०२० मध्ये आला, एचएफपासून ४३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं करतो. पण फुल डुप्लेक्स नाही. केनवुडचा टीएच-डी७२ हा हँडसेट फुल डुप्लेक्स होता, पण तो बंद झाला, आणि नंतरचे डी७४ आणि डी७५ कितीही भारी असले तरी त्यांच्यात ती सोय नाही. याएसूच्या एफटी-८१७ आणि ८१८ वर तर हौशी लोकांची एक पिढी वाढली, पण एका वेळी एकच काम. तिथे लोक दोन सेट शेजारी ठेवून जमवतात. एकाच डब्यात सगळं हवं असेल तर आयकॉमचा आयसी-९७०० आहे, २०१९चा. त्याला खास सॅटेलाइट मोड आहे. किंमत मात्र लाखाच्या बरीच वर.

मग त्या ज्युनिअरनं काय घ्यावं? माझा सल्ला असा. बोलायला साधा, परवान्यात बसणारा, बिलासकट घेतलेला हँडसेट. (ऑनलाइन दिसेल तो वॉकी-टॉकी उचलू नका. असल्या बेकायदा विक्रीवर केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.) ऐकायला तीन-चार हजारांचा एसडीआर डोंगल आणि तुमचा रोजचा लॅपटॉप. आणि उरलेलं सगळं लक्ष अँटेनावर. ४३७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ६९ सेंटीमीटर, म्हणजे अँटेनाची एकेक पट्टी जेमतेम ३०-३५ सेंटीमीटरची. सुताराची स्टीलची मेजपट्टी कापून आणि पीव्हीसी पाइपवर बसवून एका दुपारी यागी अँटेना तयार होतो. तो हातात धरून उपग्रहाच्या दिशेनं फिरवायचा, आणि सिग्नल पडला की मनगट वळवून आडवा-उभा करून बघायचा.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मला शिव्या घालणार नाही. एक, डॉप्लर. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास पळतो, त्यामुळे ४३७ मेगाहर्ट्झवर तो येताना साधारण १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकाच खाली ऐकू येतो. गाडीची शिट्टी जवळून जाताना बदलते ना, तसंच. हँडसेटवर ऐकत असाल तर पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतरानं पाच चॅनेल भरून ठेवा. दोन, १४५.८५० ची तिप्पट करा. ४३७.५५० येते, म्हणजे तुम्ही ऐकताय त्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे बोलताना तुमचाच ट्रान्समीटर तुमचे कान बधिर करू शकतो. पॉवर कमी करा, दोन अँटेना एकमेकांना काटकोनात ठेवा, मध्ये फिल्टर घाला. पण हे कळायलासुद्धा आधी ऐकत असावं लागतं!

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. अर्ध्या डुप्लेक्सवरही लोक रोज बोलतात. बोलतात ना. पण ते मुरलेले लोक असतात. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना उपग्रहाची चाल पाठ झालेली असते. नवशिक्यानं त्यांचा सेट बघून खरेदी करू नये, त्यांनी किती ऐकलंय ते बघावं. मोठ्या सेटलाही माझा विरोध नाही. २००५ च्या मे महिन्यात इस्रोनं पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट सोडला तेव्हा मी दुसरीत होतो. साडेबेचाळीस किलोचा तो उपग्रह खास आपल्यासारख्या हौशींसाठी होता, आणि त्यातला एक ट्रान्सपाँडर नेदरलँड्समधल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं बनवला होता. त्यावर एसएसबीनं बोलायला ऑल मोड सेटच लागायचा. जुलै २०१४ मध्ये बॅटरी गेली आणि तो शांत झाला. पुढे कधी तसल्या उपग्रहांवर रमलात, तर घ्या खुशाल मोठा सेट. पण पहिल्या वर्षी नको.

आणि नुसतं ऐकणं म्हणजे काही दुय्यम काम नाही. आयआयटी मुंबईच्या मुलांनी बनवलेला 'प्रथम' सप्टेंबर २०१६ मध्ये वर गेला. त्याचा प्रयोगच असा होता की उपग्रहानं १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास दोन सिग्नल पाठवायचे आणि खाली वेगवेगळ्या कॉलेजांनी ते ऐकून आयनोस्फिअरमधल्या इलेक्ट्रॉनची मोजणी करायची. म्हणजे विज्ञान घडणार होतं ते ऐकणाऱ्यांच्या गच्चीवर. त्याच वर्षी जूनमध्ये सीओईपीच्या मुलांचा 'स्वयम' गेला होता. वजन किलोभरसुद्धा नाही. पुण्याच्या पोरांनी बनवलेला उपग्रह डोक्यावरून जातोय आणि आपल्याकडे तो ऐकायला कान नाही, ही कल्पना करून बघा.

मला हे पटलं ते मात्र पुण्यात नाही, आसगावला. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा बॅगेत डोंगल, लॅपटॉप आणि मेजपट्टीचा अँटेना होता. माझ्या परवान्यावर पत्ता पुण्याचा, म्हणून गावी माइकला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. धान कापणीला आलेलं. रात्री स्लॅबवर मी, आठवीतला भाचा आणि खाटेवर आजी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक येणार होतं. त्याच्यावरचा रिपीटर ४३७.८०० वर ऐकू येतो.

पुण्यात माझ्या स्क्रीनवर सोसायटीभरच्या चार्जरचा, एलईडीचा, इन्व्हर्टरचा कचरा भरलेला असतो. इथे स्क्रीन जवळजवळ स्वच्छ. तेवढ्यात गावातली लाइट गेली आणि ती आणखी स्वच्छ झाली! लाइट गेल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला. भाच्याला अँटेना धरायला दिला आणि मोबाइलवर बघून दिशा सांगत राहिलो. स्क्रीनवर एक बारीक रेघ उमटली, हळूहळू वाकत गेली, आणि खरखरीतून एक माणूस आपला कॉलसाइन सांगताना स्पष्ट ऐकू आला. मग दुसरा. मग एक बाई.

"मामा, हे लोक वरतून बोलून रायले का?"

"नाही रे, खालूनच. त्यांचा आवाज वर जाऊन इकडे येतोय." शुभांशू शुक्लांनी जुलै २०२५ मध्ये ह्याच स्थानकावरून शाळेतल्या मुलांशी हॅम रेडिओवर गप्पा मारल्या होत्या, हे त्याला बातम्यांमुळे माहीत होतं.

"मंग आपन बी बोलू ना!"

आजी खाटेवरून म्हणाली, "आधी त्यायचं आयकून तं घे बाबू."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. टेकडीवर मला हे वाक्य सांगणारं कुणी असतं, तर त्या शाळकरी मुलांचा पहिला पास वाया गेला नसता.

डोंगल आणि अँटेना भाच्याकडेच ठेवून आलो. आता तो वहीत तारीख, वेळ आणि ऐकलेले कॉलसाइन लिहून ठेवतो आणि रविवारी मला फोनवर वाचून दाखवतो. तेरा वर्षांचा आहे, परीक्षेला बसू शकतो. बसेलही. तो पहिल्यांदा माइक हातात घेईल तेव्हा त्याला माहीत असेल की तिकडे कोण बोलतंय आणि आपण कधी थांबायचं.

बोनसचे पैसे? ते अजून बँकेत आहेत. ज्युनिअरला हे सगळं सांगितलं. तो जरा हिरमुसला, त्याला मॉडेल नंबर हवा होता. शेवटी म्हणालो, रविवारी सकाळी टेकडीवर ये. रेडिओ आणू नकोस, हेडफोन आण.