कॅमेऱ्याआधी पडदा

अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या पुण्याच्या ‘एफटीआयआय’ या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेने बारावीनंतरची चित्रपट-पदवी जरूर सुरू करावी, मात्र तिचा पाया चित्रपट पाहण्याचा असावा, असे आमचे मत आहे.

धोका तुकडीच्या आकाराचा आहे. संकलनाची खोली वाटून घेणारी मुले मोजकी असतात, म्हणूनच काम हाताला बसते. पदवीच्या शुल्काचा मोह पडला (खासगी संस्थांना तो केव्हाच पडला आहे), की तुकड्या फुगतील आणि चित्रपट पाहणे मागे पडेल. मग रील झटपट बनवणारा, पण आज एफटीआयआय असलेल्या आवारात प्रभात फिल्म कंपनीने घडवलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) न पाहिलेला पदवीधर बाहेर पडेल.

एफटीआयआयच्याच लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथले तास आधी वेळापत्रकात बसवा; तोवर प्रवेशाची जाहिरात काढू नका.